लाइट कशाचा, पाणी कुठवर

म्हैसूरहून कावेरीवरच्या केआरएस धरणाकडे जाताना बेळगोळ लागतं. सरकारी कागदावर गाव मंड्या जिल्ह्यातल्या श्रीरंगपट्टण तालुक्यात, पण बाजार, दवाखाना, कामधंदा सगळा म्हैसूरचा. म्हैसूरच्या एका औद्योगिक वसाहतीलाही याच गावाचं नाव आहे. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या माझ्यासारख्याला इथे पावसाळा नक्षत्रावरून कळत नाही, धरणाच्या आकड्यावरून कळतो. पूर्ण भरलं की १२४.८० फूट. पातळी तिथे पोचली आणि दारं उघडली की पेपरात क्युसेकचे आकडे येतात, रंगनतिट्टूच्या पक्ष्यांना बघायला जाणाऱ्या बोटी बंद होतात, श्रीरंगपट्टणच्या १८०४ सालच्या वेलस्ली पुलावर पोलीस उभे राहतात आणि शहरातली निम्मी माणसं पाणी बघायला गाड्या काढतात.

गंमत अशी, की आमच्याकडे येणाऱ्या ओल्या गाड्या कावेरीच्या पुरातल्या क्वचितच असतात. कावेरी सांगून येते, तिच्या वाटेत कोणी गाडी लावत नाही. गाड्या बुडतात त्या अंडरपासमध्ये, पुलाखाली, ज्या वळणावर काल पाणी नव्हतं अशा वळणावर. कबिनी धरणातून पाणी सुटलं की नंजनगूडच्या रस्त्यावर मल्लनमूले मठाजवळ कपिला, म्हणजे कबिनी नदीच, रस्त्यावर येते. २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं हा उटीचा रस्ता तिथे बंद पडला होता. आणि २०२२ च्या ऑगस्टच्या शेवटी बेंगळूर-म्हैसूरचा नवा महामार्ग रामनगरजवळ असा काही भरला, की अर्ध्या बुडालेल्या बस आणि तरंगणाऱ्या गाड्यांची चित्रं देशभर फिरली. या धंद्यातला माणूस अशी चित्रं वेगळ्या नजरेने बघतो. पाणी बंपरला आहे की बोनेटला, एवढंच मी बघत होतो.

मी मूळचा विट्याकडचा. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी सगळ्या दक्षिणेत पसरली, तशी आमच्या घरचीही म्हैसुरात आली. मुशीपुढे बसणं मला जमलं नाही, तारेशी जमलं. त्यामुळे गिऱ्हाईक दोन भाषांत येतं. कन्नड गिऱ्हाईक म्हणतं, ‘स्वल्पा नीरु, सार’. गलाईवाले शेठ म्हणतात, ‘थोडंच पाणी होतं रे’. दोघांच्याही थोड्या पाण्यात सीट भिजलेली असते.

रामनगरच्या पाण्यातून आलेली एक गाडी मला नीट आठवते, कारण तिच्यावर या कामातलं जवळजवळ सगळं शिकवता येईल. पाच-सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. मालक इथल्याच वसाहतीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर. पुढच्या ट्रकच्या मागोमाग पाण्यात घातली, मध्ये बंद पडली, लोकांनी ढकलून बाहेर काढली, तासाभराने सेल्फ मारल्यावर चालू झाली आणि तो ती चालवत घरी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला तेव्हा डॅशबोर्डवर चार लाइट लागलेले होते: इंजिन चेक, एबीएस, स्टिअरिंग आणि एअरबॅग. चेहरा पडलेला. चार लाइट म्हणजे चार बिघाड, प्रत्येकाचे अमुक हजार, असा हिशोब त्याने रात्रीच केला होता.

अशा वेळी सगळ्यांची अपेक्षा असते, की मी स्कॅनर काढावा. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्याला लावावा, स्क्रीनवर आजाराचं नाव यावं, तो पार्ट मागवावा. मी आधी मॅट उचलतो. मॅटखालचा गालिचा बोटाने दाबतो. मग चारही दारांच्या आतल्या बाजूला मातीची रेघ कुठे आहे ते बघतो, बोनेट उघडून एअर फिल्टरचा डबा खोलतो. फिल्टरचा कागद ओला आहे का, ओला असेल तर खालून किती बोटं, डब्याच्या तळाला रेती आहे का. मग ऑइलची पट्टी काढून ऑइलचा रंग. हे सगळं होईपर्यंत गिऱ्हाईक अस्वस्थ होतं. ‘स्कॅनर नाही का तुमच्याकडे?’ असं एकाने मला तोंडावर विचारलंय.

स्कॅनर आहे, आणि चांगला आहे. पण स्कॅनरला पाणी दिसत नाही. एखाद्या सर्किटमध्ये व्होल्टेज जितकं हवं तितकं नाही, किंवा एक कॉम्प्युटर दुसऱ्याला हाक मारतोय आणि तो ओ देत नाही, एवढंच त्याला कळतं. का, ते त्याला माहीत नसतं. पाणी कुठवर चढलं होतं ही रेघ आधी डोक्यात पक्की असली, की स्क्रीनवरचा प्रत्येक कोड त्या रेघेशी ताडून बघता येतो: हा भाग रेघेच्या खाली आहे की वर?

या गाडीत रेघ ड्रायव्हरच्या सीटच्या बैठकीच्या जरा खाली होती. फिल्टरचा कागद खालच्या कडेला दमट, पण रेती नाही. ऑइल स्वच्छ. म्हणजे इंजिनाने पाणी प्यायलं नव्हतं, थोडक्यात वाचलं होतं. बंद पडलं ते बहुधा कुठल्या तरी सेन्सरच्या कपलरला, म्हणजे तारांच्या जोडाला, पाणी लागून. मग स्कॅनर लावला. कोडांची रांग लागली. पी ०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी. यू ०१२१, म्हणजे एबीएसच्या कॉम्प्युटरशी बोलणं तुटलं. सी ००३५, डाव्या पुढच्या चाकाचा स्पीड सेन्सर. पी ०१४१, सायलेन्सरकडच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा हीटर. एअरबॅगचा एक, स्टिअरिंगचा एक, आणि व्होल्टेजची तक्रार करणारे आणखी दोन-तीन.

इथे पहिला मोह होतो तो सगळे कोड पुसून टाकण्याचा. बटण समोरच असतं. पुसले की डॅशबोर्ड स्वच्छ होतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि बिघाड झाला त्या क्षणी गाडीचा वेग काय होता, इंजिन किती तापलेलं होतं, व्होल्टेज किती होतं, ही साठवलेली नोंदही त्याबरोबर जाते. माझ्याकडे काम शिकणाऱ्या पोराला मी पहिल्या आठवड्यात एवढंच शिकवतो: आधी वहीत उतरव, मग पुस. त्याला ते फार जुनाट वाटतं. फोनवर फोटो काढला तरी चालेल, अशी तडजोड आमच्यात झाली आहे.

कोडांची यादी रेघेशी लावून बघितली तर एक गोष्ट खटकत होती. या गाडीत स्टिअरिंगची मोटर चाकाजवळ खाली नसते, आत डॅशबोर्डाच्या मागे, स्टिअरिंगच्या दांड्यावरच बसवलेली असते. पाण्याच्या रेघेपासून चांगली हातभर वर. तिला पाणी लागणं शक्य नव्हतं. मग तिचा लाइट का लागला? कोरड्या भागाने तक्रार केली, तर ती तक्रार पाण्याची नसते, पाण्याने दुसऱ्या कुणाचं काही केलं त्याची असते. इलेक्ट्रिक स्टिअरिंगला वळताना भरपूर करंट लागतो, आणि व्होल्टेज पडलं की ते सगळ्यात आधी हात वर करतं.

बॅटरीला मीटर लावला. बंद गाडीत ११.६. चालू करून बघितलं तर १२.१. चालू इंजिनात हा आकडा १४ च्या आसपास असायला हवा. म्हणजे अल्टरनेटर जेमतेमच चार्ज करत होता आणि गाडी रामनगरपासून बहुतेक बॅटरीच्याच जिवावर आली होती, त्यात तिला बाहेर काढल्यावर मारलेले सेल्फ वेगळे. बॅटरीचा लाइट? तो मधूनमधून लागत होता म्हणे, पण इतक्या लाइटांत त्याच्याकडे कोण बघतो. या गाडीत अल्टरनेटर खाली, पुढच्या बाजूला असतो. बेल्टवर चिखलाचा गुळगुळीत थर बसला होता, पुलीच्या खाचांत माती, आणि आत ब्रश जिथे घासतात तिथे रेती. उतरवून उघडला, धुतला, वाळवला, ब्रश बदलले, बेल्ट नवा घातला, बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. सकाळी चालू गाडीत १४.१. आता कोड पुसले.

स्टिअरिंगचा लाइट गेला तो परत आला नाही. एबीएसशी तुटलेलं बोलणंही परत जुळलं. तरी खात्रीसाठी बॅटरी काढून सॉकेटच्या सहा आणि चौदा नंबरच्या पिनांमध्ये ओहम बघितले. गाडीतले सगळे कॉम्प्युटर ज्या दोन तारांच्या जोडीवर एकमेकांशी बोलतात तिच्या दोन्ही टोकांना एकशेवीस-एकशेवीस ओहमचे रेझिस्टर असतात. दोन्ही शाबूत असले तर मीटर साठ दाखवतो. एकशेवीस दाखवले तर कुठेतरी एक बाजू तुटली आहे, शून्याकडे गेला तर दोन तारा एकमेकींना लागल्या आहेत. साठ आले. ज्यांच्याकडे महागडा स्कॅनर नाही अशा मुलांना मी हे आवर्जून सांगतो, कारण यू-वाल्या कोडांची अर्धी भीती पाचशे रुपयांच्या मीटरने जाते.

चारातला एक लाइट असा गेला. उरले तीन, आणि ते खरेखुरे पाण्याचे होते.

डाव्या चाकाचा सेन्सर. गाडी जॅकवर घेतली, पोरगा एकेक चाक हाताने फिरवत होता, मी स्क्रीनवर चारही चाकांचा वेग बघत होतो. तीन चाकं आकडा दाखवत होती, डावं पुढचं शून्य. नवा सेन्सर मागवण्याआधी चाकामागचं प्लास्टिकचं अस्तर काढून कपलर उघडला. आत चिखल. रबरी सील होतं, पण पूर्वी कधीतरी कुणीतरी ते दुमडून बसवलेलं. सर्किट क्लीनरने धुतला, हवा मारली, पिनांवर हिरवा गंज अजून चढला नव्हता. पाण्यातल्या गाडीत हा हिरवा रंग फार महत्त्वाचा. तो दिसला की कपलर नुसता धुऊन भागत नाही, कारण पाणी तारेच्या आवरणाच्या आतून, तांब्याच्या बारीक केसांमधून वर ओढलं जातं. कपलर खाली बुडालेला असतो आणि गंज हातभर वर, कोरड्या जागी सापडतो. अशी तार सोलून बघितली तर आत काळी पडलेली असते. इथे तसं नव्हतं. सील सरळ केलं, पिनांना विजेला न मानणारं सिलिकॉनचं ग्रीस लावलं आणि चौथं चाकही बोलायला लागलं. सेन्सरचा खर्च वाचला.

ऑक्सिजन सेन्सर मात्र खरंच मेला होता. हा सायलेन्सरच्या पाइपात बसतो, काम करताना शेकडो अंश तापतो, आणि आतली चकती सिरॅमिकची असते. पाण्यात गाडी उतरली की तापलेल्या अंगावर गार पाणी बसतं आणि चकती किंवा हीटर तडकतो. हीटरच्या दोन पिनांत ओहम काही दाखवतच नव्हते, आत तार तुटलेली. याला धुण्या-वाळवण्याने काही होत नाही, बदलावाच लागतो. मालकाला दाखवून बदलला.

एअरबॅगचा लाइट सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वेळखाऊ. सीटखाली पिवळे कपलर असतात. पिवळा रंगच सांगतो की हे एअरबॅगचं आणि सीटबेल्ट खेचून धरणाऱ्या बारुदाचं सर्किट आहे. याला मीटर लावायचा नाही, टेस्टर तर मुळीच नाही. बॅटरी काढायची, काही मिनिटं थांबायचं, मग हात लावायचा. कपलर दमट होता आणि दमट राहणारच होता, कारण गालिचाखाली फोमचा जाड थर असतो. वरून गालिचा कोरडा लागतो, खाली फोम आठवडाभर पाणी धरून बसतो. दोन्ही सीट उतरवल्या, गालिचा वर केला, फोम पिळला तर ग्लासभर पाणी निघालं. म्हैसूरच्या त्या हवेत ऊन कुठलं? टेबल फॅन, हॅलोजनचा दिवा आणि वाट बघणं. मालक रोज संध्याकाळी फोन करायचा, ‘काय चाललंय?’ मी म्हणायचो, ‘वाळतंय.’ फोनवर हे उत्तर फार वाईट वाटतं, पण खरं तेच होतं.

हे सगळं आटोपल्यावर मी त्याला म्हटलं, गिअरबॉक्सचं ऑइल बदला, चारही चाकांचे ब्रेक उघडून साफ करा, आणि पुढच्या बेअरिंगकडे लक्ष ठेवा. तो डॅशबोर्डकडे बघून म्हणाला, ‘पण त्याचा लाइट तर नाही लागला.’

मला या सगळ्या धंद्याबद्दल जे सांगायचं आहे ते या एका वाक्यावर येऊन अडतं. लाइट ज्याला तार जोडलेली आहे त्याचा लागतो. गिअरबॉक्सला हवा खेळायला वर एक छोटं नळकांडं असतं; तापलेला गिअरबॉक्स गार पाण्यात एकदम आकसला की त्यातून पाणी आत ओढलं जातं. आत काय झालं हे सांगायला तिथे साध्या गाडीत सेन्सरच नाही. चाकाच्या बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन गेलं तर लाइट नाही. मागच्या ड्रममध्ये रेती बसली, हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर ओली उभी राहिली आणि लाइनर ड्रमला चिकटले, तरी लाइट नाही. पाण्याने केलेलं सगळ्यात खर्चिक नुकसान बहुतेक वेळा मुक्या भागांचं असतं, आणि सगळ्यात मोठ्याने ओरडणारे भाग बऱ्याचदा कपड्याने पुसून ठीक होतात. चार लाइट लागलेली गाडी बघून घाबरणारा माणूस आणि एकही लाइट नाही म्हणून निर्धास्त होणारा माणूस, या दोघांत मला दुसऱ्याची जास्त काळजी वाटते. त्या इंजिनिअरच्या गिअरबॉक्सचा नट काढला तेव्हा ऑइल दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं निघालं. ते बघितल्यावर त्याने पुढे वाद घातला नाही.

बिनलाइटच्या गाडीचं उदाहरण द्यायचं तर २०१९ चं. त्या ऑगस्टमध्ये इकडे कपिला आणि तिकडे कृष्णा-पंचगंगा, दोन्हीकडे एकदमच पाणी होतं. कोल्हापूरजवळ शिरोलीला राष्ट्रीय महामार्ग कित्येक दिवस बंद होता, सांगली पाण्यात होती, आणि इथले आमचे गलाईवाले गावाकडच्या फोनची वाट बघत दुकानात बसलेले. त्यातल्या एका शेठची जुनी डिझेल गाडी नंजनगूडच्या बाजूला पाण्यात बंद पडली. शेठ स्वभावाने चिवट. पाण्यातच उभं राहून सेल्फ मारत राहिले. एकदा ‘टक्’ असा आवाज होऊन सेल्फ अडकला, मग पुन्हा मारला तेव्हा फिरला, गाडी चालू झाली आणि ते घरी आले. मला म्हणाले, ‘काही नाही रे, जरा थरथरते, बघ.’

डॅशबोर्ड स्वच्छ. स्कॅनर लावला, एकही कोड नाही. फिल्टरचा डबा उघडला तर तळाला पाण्यातला काडीकचरा.

तो ‘टक्’ आवाज ऐकला की माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. सिलिंडरमध्ये वाटीभर पाणी शिरलं आणि पिस्टन वर आला, तर त्याला जायला जागा नसते. मग पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये दाब जास्त, वर जागा कमी, म्हणून तिथे हे थोड्या पाण्यातही होतं. रॉड एकदम तुटला तर इंजिनाच्या अंगाला भोक पडतं आणि निदान वाद तरी राहत नाही. पण थोडा वाकला तर गाडी चालते. फक्त त्या सिलिंडरमध्ये पिस्टन पूर्वीइतका वर पोचत नाही, दाब कमी पडतो, आणि इंजिन थरथरतं. कम्प्रेशन मोजलं तर चारांपैकी तिसऱ्यात स्पष्ट फरक. आता अशी गाडी आणखी काही हजार किलोमीटर चालेल, किंवा उद्या उटीच्या घाटात रॉड तुटेल, हे कोणीच सांगू शकत नाही. मी इंजिन उघडायला सांगितलं. शेठना ते पटलं नाही. लाइट नाही, कोड नाही, चालते आहे, मग उघडायचं कशाला? शेवटी दुसऱ्या मेस्त्रीला दाखवून आले, त्यानेही तेच सांगितलं तेव्हा इंजिन उतरलं. रॉड टेबलावर काचेवर ठेवला तेव्हा त्याच्याखालून पोस्टकार्ड सरकत होतं.

विम्याचा प्रश्न इथेच येतो आणि यावर मला नेहमी कडू बोलावं लागतं. साध्या पूर्ण विम्यात पुराने झालेलं नुकसान धरतात, पण पाण्यात सेल्फ मारून इंजिन गेलं तर ते ‘नंतर ओढवून घेतलेलं’ नुकसान म्हणून बहुतेक वेळा नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. सर्व्हेअर आला की तो पहिला प्रश्न हाच विचारतो, की पाण्यात पुन्हा चालू केली होती का. त्यामुळे माणसं मलाही खरं सांगत नाहीत. मी डॉक्टरसारखा विचारतो, ते साक्षीदारासारखं उत्तर देतात. मला कळतं का ते, पण खोट्या उत्तरावर मला निदान करायचं असतं. आता मी गिऱ्हाईकाला बाजूला घेऊन सांगतो, ‘अण्णा, कागदावर काय लिहायचं ते तुम्ही आणि कंपनी बघा, मला फक्त सेल्फ मारला की नाही ते सांगा.’ बहुतेक जण मग सांगतात.

आणखी दोन प्रश्न विचारतो. एसी चालू होता का? एसी चालू असला की रेडिएटरचा पंखा फिरत राहतो, त्याची पाती पाण्यात वाकून रेडिएटरला घासतात, किंवा पंखा पाणी सगळ्या इंजिनावर उडवतो. आणि पाण्यातून निघाल्यावर गाडी धुतली का? हा दुसरा प्रश्न ऐकून लोक खुलतात. ‘हो हो, लगेच धुतली, इंजिनसकट, प्रेशरने!’ चिखल काढायचा म्हणून लोक वॉशिंग सेंटरला जातात आणि जे पाणी पुरातही कपलरच्या सीलने बाहेर थांबवलं होतं ते प्रेशरचा पाइप आत घालतो. पावसाळ्यानंतरच्या माझ्या कामात अशा धुतलेल्या गाड्या चांगल्या भरतात. चिखल साध्या पाण्याने, नळाच्या धारेने, आणि इंजिनाजवळ तर बादली-फडक्यानेच काढावा.

बीएस-सहा आल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत, सेन्सर वाढले, तसे लाइटही जास्त लागतात. जुने मेस्त्री यावर वैतागतात. मी वैतागत नाही; मला उलट वाटतं की जितके सेन्सर जास्त, तितके पाण्याच्या रेघेचे साक्षीदार जास्त. कुठला बोलतो आणि कुठला गप्प आहे, यावरून पाणी कसं शिरलं याचा नकाशा काढता येतो. त्रास एवढाच, की काही गाड्यांत मुख्य कॉम्प्युटर पायाशी, गालिच्याच्या पातळीला बसवलेला असतो. हे ज्याने ठरवलं त्याने आपल्याकडचा आषाढ पाहिलेला नसावा. त्या पेटीत पाणी गेलं की लाइटांना काही अर्थ उरत नाही: काचेचे वायपर आपोआप फिरतात, कुलपं उघडतात-लागतात, हॉर्न वाजतो. तिथे मी बॅटरी काढतो, पेटी खोलतो, आत मातीची रेघ दिसली तर मालकाला दाखवतो, आणि ती दुरुस्त करायच्या फंदात न पडता बदलायला सांगतो. बोर्ड धुऊन चालू करून देणारे आहेत, आणि त्यातले काही खरंच हुशार आहेत. पण महिनाभर चालून रात्री महामार्गावर बंद पडणारी गाडी मी माझ्या नावावर ठेवत नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात बेंगळुरात आऊटर रिंग रोडच्या भागातल्या उंची वसाहती पाण्यात गेल्या, आणि त्यानंतर माझ्या कामाला एक नवी फांदी फुटली. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन, सुगंध मारून, स्वस्तात विकायला बाहेर पडतात. त्या जवळच्या शहरांत येतात, म्हैसूर त्यातलंच. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्यानंतर पुण्या-नाशकाकडच्या लोकांनी ‘मुंबईची गाडी’ म्हटलं की दहा प्रश्न विचारायला सुरुवात केली होती, तेच आता आमच्याकडे ‘बेंगळूरची गाडी’ म्हटलं की होतं. घेणारा माणूस गाडी आणून म्हणतो, ‘स्कॅन करून द्या.’ स्कॅन स्वच्छ असणारच, विकणाऱ्याने तो आधीच पुसलेला असतो.

म्हणून मी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढतो, अगदी शेवटच्या वेढ्यापर्यंत. वरचा भाग सगळे धुतात, आतला वेढा कोणी धुवत नाही, तिथे चिखलाची कड सापडते. मग डिकीतली स्टेपनी उचलतो, तिच्या खड्ड्यात कोपऱ्यांत काय साठलंय ते बघतो. सीटचे रूळ जमिनीला जिथे बोल्टने धरलेत तिथला गंज बघतो, कारण पाच वर्षांच्या गाडीत त्या जागी गंज यायला काही कारण नसतं. डॅशबोर्डाखाली डोकं घालून स्टिअरिंगच्या दांड्यामागच्या तारांवर टॉर्च मारतो. नाक हाही उपयोगाचा आहे, पण अत्तर मारलेल्या गाडीत त्याच्यावर भरवसा ठेवू नये. उन्हात काचा बंद करून तासभर ठेवावी, मग दार उघडावं.

अलीकडे तरुण मुलं फोनला जोडायचा छोटा स्कॅनर स्वतःच घेऊन येतात. स्वस्त मिळतो, कोड वाचतो, पुसतोही. गेल्या पावसाळ्यात एकजण आला, लाइट एकही नाही, म्हणे घरीच क्लिअर केले, पण परत येतात. मी विचारलं, पुसण्याआधी कोणते होते? त्याला आठवत नव्हते. फोन मागितला, ॲपच्या जुन्या नोंदींत खाली जाऊन बघितलं. ॲपने सगळे जपून ठेवले होते, मालकाने कधी उघडलं नव्हतं. पहिला कोड पी ०५६२. मी त्याला सीटवरून उठवलं आणि बॅटरीला मीटर लावला.